समितीचा पाहुणा

पांढरी गाडी पोडाच्या, म्हणजे कोलामांच्या वस्तीच्या, तोंडाशी थांबली आणि ढोल सुरू झाला. गॉगल लावलेला साहेब खाली उतरतो न उतरतो, तोच बायांनी त्याचे पाय धुतले, कुंकू लावलं, गळ्यात झेंडूचा हार घातला. "अहो, मी फक्त..." असं तो म्हणेपर्यंत त्याला समाजमंदिरातल्या मोठ्या खुर्चीत बसवलंसुद्धा.

पंचफुला खूश होती. ती गावाच्या दक्षता समितीची अध्यक्ष. माणसांची विक्री थांबवू, असा शब्द भारतानं जगाला दिलेला. तो पाळला जातो की नाही, हे बघायला परदेशातली एक बाई झरी जामणी तालुक्यातल्या या कोलाम पोडावर येणार होती. ग्रामसेवक वामनराव तिला आणायला फाट्यावर गेले होते. बाईऐवजी साहेब आला, तोही एकटाच. पण पाहुणा दारात आल्यावर तू कोण, असं विचारायची पोडावर रीत नव्हती.

मग पंचफुलानं पाठ केलेलं खणखणीत म्हणून दाखवलं. "पोरी नेणारा दलाल कसा वळखावा? लय गोड बोलते. पोरीले मोबाइल देते. कंपनीचा पत्ता सांगत नाही. अन् म्हणते, घरी सांगू नको!"

टाळ्या पडल्या. साहेबाच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं. पंचफुलानं कौतुकानं माइक त्याच्या हातात दिला.

"मी... म्हणजे आमची कंपनी... हैदराबादला..."

मागच्या रांगेत पंचफुलाची लेक उर्वशी बसली होती, मांडीखाली कपड्यांची पिशवी दाबून. ती ताडकन उठली.

"आये, याचं तोंड नाही पाह्यलं कधी, पण आवाज वळखतो मी! मोबाइल यानंच धाडला. आज गाडी घेऊन येतो, घरी सांगू नको म्हणे."

आठवडाभर पंचफुला चुलीपुढे हेच घोकत होती आणि शेजारी लेक नव्या मोबाइलवर गाणी ऐकत होती. तो आला कुठून, हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाज वाटली की तिचे हात चालत. साहेब दाराकडे पळाला. तिनं हार धरून त्याला मागे ओढलं, बायांनी ढोलाच्या दोरीनं खुर्चीला बांधलं.

तेवढ्यात वामनराव धावत आले. "बाई आली! अन् हा कोण?"

"दलाल," पंचफुला म्हणाली.

वामनरावांचा चेहरा पडला. "अवं, आपल्या पोडावर असं काही होतच नाही, असं लेखी देल्लं आपण! तेच वर गेलं, दिल्लीले गेलं! सोड याले मांगच्या दारानं, लवकर!"

बाहेर गाडीचं दार वाजलं. पंचफुलानं एका हातानं लेकीचा हात घट्ट धरला, दुसऱ्या हातानं साहेबाची खुर्ची ओढत अगदी पुढे आणली आणि त्याच्या गळ्यातला हार नीट केला.

"कायले सोडू? ते बाई इतक्या दुरून पाहाले आली, अन् आपण लपवून ठेवावं?"