पुस्तकातलं दुखणं

कढी फुटली आणि श्रावणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सतरा वर्षांची लेक, केतकी, धावत स्वयंपाकघरात आली.

"आई, मी वसतिगृहात जाणार म्हणून रडतेस का? सकाळपासून माझ्यावर चिडलीयस. नाही जात मी नागपूरला."

"अगं वेडे, तू जायचंच. दोन दिवसांवर पाळी आलीय माझी, म्हणून होतंय हे."

केतकी बघतच राहिली. तिची पाळी निमूट यायची नि जायची. त्याआधी मन असं ढवळून निघतं, हे तिच्या वयाच्या मुलींनी फक्त पुस्तकात वाचलं होतं. त्या पोटात असताना, मेंदू घडत होता तेव्हाच, त्यांच्या आयांनी संप्रेरकाची इंजेक्शनं घेतली होती.

"तूही ती इंजेक्शनं घेतली होतीस?"

"बारा आठवडे. उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा. पण तुझ्या वाट्याला हे दिवस येऊ नयेत, एवढंच वाटायचं."

"मला यातलं काहीच कळत नाही गं. काय करू, सांग ना."

"काही नको. जरा शेजारी बस."

दोघी ओट्याला टेकून खाली बसल्या. श्रावणीने लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. डोळे अजून वाहतच होते, पण जिवाला गार वाटत होतं.