शिवारफेरी

'शेती, उद्योग आणि पोषण' हा धडा प्रत्यक्ष दाखवायला सुरेखा मॅडम चौथीचा वर्ग घेऊन सहादेवच्या मळ्यात आल्या. सहादेव हौसेनं सांगत होता, "पोरांनो, आपलं टोमॅटो सॉसच्या कंपनीत जात्यात."

मॅडमनी बांधावरच्या टोमॅटोनं भरलेल्या क्रेटकडं बोट दाखवलं. "आणि हे, भाऊ?"

"हे कंपनीनं तपासून परत धाडलं. फवारलेलं औषध लई उतरलंय म्हनं, खायच्या लायकीचं न्हाई."

"अरे देवा! मग फेकणार?"

"छ्या! अन्न फेकत्यात व्हय, मॅडम? गेल्या सोमवारपासून तुमच्या शाळेच्या खिचडीला देतोय की."

मुलांआधी चव बघायची म्हणून मॅडम रोज तीच खिचडी खात होत्या.

रांगेतून सहादेवची लेक जया ऐटीत म्हणाली, "मला तर आई सोमवारपासून घरचाच डबा देती."