बुडालेला थांबा

शेषेराव होडीवाल्यानं गावभर बोंब मारली, की जिलानी मेकॅनिकनं, म्हणजे मी, त्याच्या होडीचं इंजिन बिघडवलं, तापून बंद पडलं की निवेपर्यंत सुरूच होत न्हाई. ठिणगी पाडणारी नवी कॉइल मी माझ्या हातानं बसवली होती. संतापून त्यालाच घेऊन त्याच होडीनं धरणात निघालो.

पाण्याखाली गेलेल्या गावाच्या एसटी थांब्याच्या बरोबर वर आलो आणि इंजिन बंद पडलं. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला.

“माझ्या होडीतनं क्लासला जाणारी पोरं रोज इथंच खोळंबत्यात,” शेषेराव म्हणाला.

तेवढ्यात होडी डुचमळली, माणसं एकेक करून चढावीत तशी.

मी पुन्हा दोरी ओढली. तापलेलं इंजिन पहिल्याच झटक्याला सुरू झालं.

“कुठं हाय बिघाड?”

शेषेरावानं पाण्याकडं बोट दाखवलं. पाणी होडीच्या काठाला भिडायला दोन बोटं उरली होती.

“एवढी माणसं भरल्यावर इंजिन काय करंल?” मी भडकून मागं वळलो.

होडीत आम्ही दोघंच होतो.