नाव नसलेला सुरवंट

शाळेच्या बागेत एरंडाच्या पानावर एक केसाळ सुरवंट बसला होता. पाठीवर चार पांढरे कुंचले रोवल्यासारखे दिसत होते. घिरट्या घालणाऱ्या ड्रोनने त्याला तीनदा न्याहाळलं.

“नोंद सापडत नाही. पाच मिनिटांत फवारणी.”

यादीत नाव नसलेला किडा आता कुठेच जिवंत ठेवत नसत.

“बाई, मरेल हो तो!” रेणू कळवळली.

अनसूयाबाई चाळीस वर्षं मुलांना सांगत आल्या होत्या, की ओळख पटायला वेळ द्यावा लागतो. त्यांनी बाही वर सारली आणि सुरवंटाला अलगद आपल्या हातावर घेतलं. माणसाच्या अंगावर फवारायला ड्रोनला मनाई होती.

“हात बाजूला घ्या.”

“घेत नाही, जा! त्याचा पतंग होऊ दे, मग विचार नाव.”

केस टोचले, हातावर लाल गांधी उठल्या, नुसती आग आग झाली. पण बाईंनी हात हलवला नाही.

“बाई, खाज सुटली ना?” रेणूने बाही दुमडली. “द्या इकडे. आता माझी पाळी.”

तिच्यामागे सगळा वर्ग बाह्या दुमडून रांगेत उभा होता.