निकाल पेपरात आला नाही

हौसाबाईंच्या गिरणीत एका उंच माणसाने ज्वारीचा डबा काट्यावर ठेवला. "मावशी, जरा बारीक दळा."

हौसाबाईंनी वर पाहिलं आणि त्यांचा हात जागीच थांबला. समोर रंगनाथ घुले उभा होता, त्यांच्या मुलाच्या खुनातला आरोपी.

"तुरुंगातून पळून आलास?"

"पळायला काय झालं? महिना झाला निर्दोष सुटून."

खून झाला तेव्हा आठ दिवस पहिल्या पानावर मुलाचा फोटो होता. साक्ष देऊन आल्यापासून हौसाबाई रोज अख्खा पेपर वाचत. एवढं छापणारे निकालही छापतीलच, याची त्यांना खात्री होती.

"खोटं बोलतोस. पेपरात कुठं आलंय?"

रांगेतल्या शेवंताकाकूंनी मान खाली घातली. "खरंय, हौसा. सगळ्या पेठेला माहीत आहे. आम्हाला वाटलं, तू रोज पेपर वाचतेस, तुला कळलंच असेल."

हौसाबाईंनी गिरणी बंद केली. पिठाने माखलेले हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, "वरच्या कोर्टात जायची मुदत अजून आहे का?"

ते मात्र रांगेत कुणालाच माहीत नव्हतं.