जांभळ्या कांड्या

धागा गुंडाळायची पोकळ कांडी चरख्याच्या चातीवर काही केल्या बसेना. मैनाबाईनं दाबून पाहिली, फिरवून पाहिली. शेवटी वैतागून जमिनीवर आपटली, तर आतून पांढरी गोळी निघाली.

जांभळं रेशीम कोणी मागत नव्हतं, म्हणून या कांड्यांची टोपली वर्षभर फळीवर पडून होती. आज नेमकी जांभळ्या काठाची ऑर्डर आली. तिनं एकेक कांडी आपटली. अकरा गोळ्या निघाल्या, म्हणजे अकरा दिवस नवऱ्यानं गोळी घेतलीच नव्हती.

मागच्या दिवाळीत गोळी सुटली, तेव्हा तिचा नवरा जागेश्वर चार रात्री झोपला नव्हता. मागावरचा उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा त्यानं कापून टाकला, आणि वर हसत होता. मग दोन महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. लिथियमनं मन फार वर उडत नाही, फार खालीही जात नाही, पण रोज घ्यावं लागतं, असं डॉक्टरांनी समजावलं होतं. ‘म्हणजे ताण्यासारखं, सैलबी नाही, घट्टबी नाही,’ असं या शहाण्यानंच तेव्हा म्हटलं होतं.

गोळ्या पदरात घेऊन ती मागापाशी गेली.

“काहून?” तिनं त्या त्याच्यापुढे धरून विचारलं.

जागेश्वरनं एक तुटलेला धागा उचलला, टोकाला टोक लावलं, पीळ दिला. हात जराही हलला नाही. गोळी घेतली की बोटं थरथरतात, धागा सांधत नाही, असं त्यानं खाली बघत सांगितलं. काही त्रास आहे का, असं डॉक्टर दर वेळी विचारायचे आणि हा दर वेळी नाही म्हणायचा. कोष्ट्यानं आपला हात कापतो हे कोणत्या तोंडानं सांगावं?

उद्याच दवाखान्यात जाऊ, ती म्हणाली. रक्त तपासू, गोळी कमी होते का, हाताची थरथर थांबवायचं काही औषध आहे का, सगळं विचारू.

“आन् तरीबी हात कापत राहिला तं?”

तीस वर्षं तिनं फक्त कांड्या भरल्या होत्या. ताण्याला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्याचा कायदा. मैनाबाई वाकली. दुसरा तुटका धागा तिनं शोधला, बोटं ओली केली आणि सांधला.

“धागा तुटला तं मी सांधून देईन. तुमचं डोकं बिघडलं तं ते मले नाही सांधता येत.”

जागेश्वर त्या सांध्याकडे बघत राहिला. त्यानं बोटानं तो ओढून पाहिला. मग पाटावर जरासा सरकला आणि तिला बसायला जागा केली.