काकामेगाचा पतंग

उजाडलं, तरी मुहोंजाच्या पिंजऱ्यापाशी एकही नर फिरकला नव्हता.

शेजारी, त्याच झाडाला टांगलेल्या दुसऱ्या पिंजऱ्यावर मात्र रात्री नरांची झुंबड उडाली होती. त्यात नेहमीच्या रेशीमपतंगाची मादी होती. काकामेगाच्या जंगलात ती जात हवी तेवढी सापडते. मुहोंजाच्या पिंजऱ्यातली मादी जरा लहान, विटकरी रंगाची. ती रात्रभर जाळीला चिकटून होती. हललीसुद्धा नव्हती.

नैरोबीच्या संग्रहालयात या विटकरी पतंगाचे काही जुने, विरलेले नर होते. ते कुणी आणि कसे पकडले, कुणालाच ठाऊक नव्हतं. नेहमीच्याच जातीचा फिकट प्रकार, असं प्रोफेसर शितांडांनी आपल्या पुस्तकात लिहिलं होतं आणि सगळ्यांनी ते मानलं होतं. मानलं नव्हतं ते त्यांच्याच विद्यार्थिनीनं. मुहोंजा कित्येक वर्षं या जंगलात दिवे लावून बसली. विटकरी पतंग दिव्यावर कधीच आला नाही. शेवटी गेल्या पावसाळ्यात तिला एक अनोळखी अळी सापडली. तिनं ती पानं घालून वाढवली, कोश जपला आणि काल त्यातून ही मादी बाहेर पडली.

मादी गंध सोडते, तो तिच्याच जातीच्या नरांना ओढून आणतो. नेहमीचे नर हिच्याकडे आले असते तर सरांचं खरं ठरलं असतं. ते आले नव्हते. पण हिचे स्वतःचेही आले नव्हते. या मादीला खायला तोंडच नसतं. चार दिवसांचं आयुष्य. दुसरी मादी कुठून आणायची?

"आवर आता," रात्रभर तिच्यासोबत जागलेले प्रोफेसर म्हणाले. "ऊन वर आलं. रेशीमपतंग काय सकाळी हवा खायला निघतात?"

"चहा होईपर्यंत थांबू या, सर."

"चहा झाला की नाश्ता होईपर्यंत म्हणशील. ओळखून आहे मी तुला."

मुहोंजाची आत्या जंगलाच्या कडेलाच राहायची. ती चहाची किटली आणि उकडलेली रताळी घेऊन आली. तिनं पिंजऱ्यात डोकावून पाहिलं.

"नवरी सजून बसलीय नि वऱ्हाडाचा पत्ता नाही," ती म्हणाली. "असू दे. माझ्याही लग्नात तुझे काका दुपारीच उगवले होते."

प्रोफेसर हसले. मुहोंजाला हसू आलं नाही. तिनं पिंजरा काढायला दोन्ही हात वर केले आणि तसेच धरले.

फांद्यांतून उन्हाची तिरीप जाळीवर पडली होती. मादीनं पंख थरथरवले. मग गंध सोडणारं पोटाचं टोक हळूच बाहेर काढलं.

"सर," मुहोंजा हलक्या आवाजात म्हणाली, "ती आत्ता बोलावतेय."

प्रोफेसरांनी चहाचा कप खाली ठेवला.

पहिला नर उंच शेंड्यांवरून गिरक्या घेत आला, इतका वेगानं की दुरून फुलपाखरूच वाटावं. मागोमाग दुसरा. मग झाडाभोवती विटकरी पंखांचा नुसता भिरभिराट. नेहमीच्या मादीच्या पिंजऱ्यावरून ते सरळ पुढे गेले, तिथं जणू कुणी नव्हतंच. सगळे मुहोंजाच्या जाळीला येऊन बिलगले. एक तर तिच्या मनगटावर बसला. तिनं हात हलवला नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच या पतंगाचा नर जिवंत, इतक्या जवळून पाहत होती. तिचे डोळे भरून आले आणि ते पुसायलाही तिला हात मोकळा नव्हता.

"आलं गं बाई वऱ्हाड," आत्या म्हणाली.

प्रोफेसरांनी टोपी काढली. बराच वेळ ते बघत राहिले.

"वेगळी जात आहे," ते म्हणाले. "माझं पुस्तक चुकलं. वर्णन तू लिही, नावही तूच ठेव. मी संग्रहालयाला आजच कळवतो." मग त्यांनी मान हलवली. "पण जन्मभर दिवे लावले गं आम्ही या जंगलात. रात्ररात्र जागलो. एकदासुद्धा दिसला नाही."

"कसा दिसणार, सर?" मुहोंजा म्हणाली. "तो उडायला निघतो, तेव्हा आपण नुकते झोपायला गेलेलो असतो."